कांद्याच्या पोटातलं फूल

१. दुसऱ्या वर्षीचा प्रश्न

डिसेंबर लागला की शहरांतल्या रोपवाटिकांत आणि ऑनलाइन दुकानांत परदेशी कंदांची खोकी दिसू लागतात. खोक्यावर लालभडक ट्यूलिप किंवा जांभळी हायसिंथ, आत मात्र तपकिरी सालीचा, लहानशा कांद्यासारखा गड्डा. हौसेनं तो कुंडीत लावला जातो आणि पुढे दोहोंपैकी एक घडतं. एक तर दोन-तीन पानं येतात आणि फूल पानांच्या बेचक्यातच बसकं राहतं. कधी कळी कागदासारखी वाळून जाते. नाहीतर फूल दिमाखात येतं, पाहुण्यांना मुद्दाम गच्चीवर नेऊन दाखवलं जातं, आणि पुढच्या डिसेंबरात त्याच कंदातून एकुलतं एक पान डोकं वर काढतं. फुलाचा पत्ता नसतो. मग प्रश्न सुरू होतात. खत कमी पडलं का? माती चिकट होती का? पाणी जास्त झालं का? दुकानदारानं जुना कंद गळ्यात मारला का?

हे चारही प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतात. अशा कंदाचं फूल ज्या ऋतूत दिसतं त्या ऋतूत ते घडलेलं नसतं. ते आधीच्या ऋतूंत घडतं, आणि आपण कुंडीत माती भरतो तेव्हा त्याचं भवितव्य बव्हंशी ठरून गेलेलं असतं. गुलाबाला किंवा शेवंतीला आज दिलेलं खत दीड-दोन महिन्यांत फुलावर दिसतं. कंदाशी तसा रोखीचा व्यवहार होत नाही. वर्षअखेरीला कोणता कंद लावायचा, कोणता उपटायचा आणि कोणाचं पाणी तोडायचं, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवता येतं. त्यासाठी आधी कंद म्हणजे काय ते पाहावं लागेल, आणि त्याला स्वयंपाकघर पुरेसं आहे.

२. कांदा उभा कापून पाहा

रोज आपण कांदा आडवा किंवा फोडी करून चिरतो. एकदा तो शेंड्यापासून मुळापर्यंत बरोबर मधोमध उभा कापा. खाली मुळं फुटतात तिथे एक कठीण, चपटी चकती दिसेल. तो भाग आपण कापून फेकतो, पण कांद्याचं खोड म्हणतात ते तेच: दाबून दाबून अर्ध्या सेंटीमीटरचं झालेलं. त्या चकतीवरून निघणाऱ्या जाड, रसरशीत पाकळ्या ही पानं आहेत. हिरवी न होता अन्न साठवत बसलेली पानं. आणि अगदी गाभ्यात, सगळ्या पापुद्र्यांच्या कुशीत, फिकट हिरवा कोंब असतो. म्हणजे कांदा हे फळ नाही, मूळही नाही. ते एक अख्खं झाड आहे, प्रवासासाठी घडी करून ठेवलेलं. शिदोरी बाहेरच्या पापुद्र्यांत आणि प्रवासी मधल्या कोंबात.

बागकामात आपण ‘कंद’ हा शब्द फार सैल वापरतो, तेव्हा एक खुलासा इथेच करून पुढे जाऊ. कांदा, लसूण, ट्यूलिप, नर्गिस, लाल लिली हे पापुद्र्यांचे कंद. सुरण, अळू, केशर आणि ग्लॅडिओलस यांचा गड्डा आतून एकसंध असतो, कारण तिथे पानाऐवजी खोडच फुगलेलं असतं. हळद, आलं, कर्दळ यांचं आडवं वाढणारं खोड असतं, तर डेलियाची रताळ्यासारखी फुगलेली मुळं. रचना निरनिराळ्या, पण धंदा एकच: बऱ्या दिवसांत साठवायचं, वाईट दिवसांत मातीखाली दडी मारायची आणि दिवस पालटले की साठवणीवर इतरांच्या आधी उगवायचं. कोण किती साठवतो यापेक्षा माळ्यानं विचारायचा प्रश्न दुसराच आहे. याचे वाईट दिवस कोणते?

आता कांदा जसा कापला तसाच सप्टेंबरात एक चांगला ट्यूलिप कापला, तर त्याच्या गाभ्यात भिंगाखाली सबंध फूल दिसतं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, मधोमध तीन टोकांचा स्त्रीकेसर. रंग अजून नाही, उंची काही मिलिमीटर; पण अवयव पूर्ण. ही घडण उन्हाळ्यात झालेली असते. वसंतात फुलून गेलेल्या ट्यूलिपची पानं वाळतात, वरून सगळं मेल्यासारखं दिसतं, आणि नेमकं तेव्हाच १७ ते २० अंश सेल्सियसच्या ऊबेत आत पुढच्या वर्षीचं फूल घडत असतं. नेदरलँड्समधल्या वागेनिंगन इथे ए. एच. ब्लाउव या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात कंद वेगवेगळ्या तापमानांत ठेवून, ठरावीक दिवसांनी कापून, आतल्या फुलाची वाढ टप्प्याटप्प्यानं टिपली. नाताळला फुललेली हायसिंथ आज युरोपातल्या दुकानात मिळते ती अशा कामामुळे. फूल कधी घडतं हे कळल्यावर ते कधी उमलावं हे ठरवणं माणसाच्या हाती आलं.

ज्यांना ट्यूलिपवेडाची गोष्ट ठाऊक आहे त्यांच्यासाठी एक तपशील. नेदरलँड्समध्ये ट्यूलिपच्या कंदांच्या भावांवर चाललेला तो सट्टा कोसळला फेब्रुवारी १६३७ मध्ये. तेव्हा बहुतेक सारे कंद जमिनीखाली होते. न दिसणाऱ्या मालावर लोक बोली लावत होते हे खरंच, पण मातीखालचा तो माल मात्र आपापलं फूल पोटात घेऊन, पुरता तयार होऊन पडला होता.

३. थंडी मोजणारा गड्डा

फूल जर सप्टेंबरातच तयार असेल तर ते ऑक्टोबरात का उमलत नाही? याचं उत्तर ट्यूलिपच्या माहेरी आहे. ट्यूलिप मूळचा हॉलंडचा नव्हे. तो मध्य आशियातल्या तियान शान आणि पामीरच्या उतारांवरचा. उस्मानी तुर्कांच्या बागांतून युरोपात गेला आणि कॅरोलस क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १५९३ मध्ये लायडनच्या वनस्पती-उद्यानात लावला तेव्हा तिथे रुजला. त्या डोंगरांत हिवाळा लांब आणि कडक, वसंत तोकडा आणि ओला, उन्हाळा कोरडा ठणठणीत. झाडाला वर्षात जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. अशा ठिकाणी नोव्हेंबरात चार दिवस ऊन पडलं म्हणून जो कंद उगवेल, त्याचा कोंब जानेवारीत गोठून मरेल. म्हणून नुसत्या ऊबेवर विश्वास न ठेवणारे कंदच तिथे टिकले. ट्यूलिप ऊब पाहून उठत नाही. आधी पुरेशी थंडी होऊन गेली आहे का ते पाहतो. साधारण ५ ते ९ अंशांचे १२ ते १६ आठवडे मोजून झाले, की मगच ऊब आल्यावर दांडा लांबतो. हायसिंथचा हिशेब थोडा कमी, डॅफोडिलचा जवळपास तेवढाच.

या आठवड्यांत कंद झोपलेला नसतो. मुळं पसरतात आणि साठवलेल्या पिठूळ अन्नाची साखर होऊ लागते. फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा गोडसर लागतो आणि तळला की लवकर काळपटतो, हे पुष्कळ घरांत ठाऊक आहे. तिथेही थंडीनं पिठाची साखर केलेली असते. ट्यूलिपच्या दांड्याच्या पेशी ताणायला हीच साखर लागते. थंडी अपुरी राहिली तर फूल असतं, पण त्याला वर उचलणारा दांडा लांबत नाही. पानांच्या बेचक्यात बसकं राहिलेलं ते फूल आठवा. त्या कुंडीत खताची नव्हे, हिवाळ्याची उणीव होती.

४. डेंगळे

कंदांचं थंडीशी असलेलं हे नातं महाराष्ट्राला नवीन नाही. नाशिक-पुण्याच्या कांदा पट्ट्यात ते दर वर्षी शेतात दिसतं, फक्त फुलांच्या पुस्तकात त्याची गणना होत नाही. कांद्याचं बी धरायचं असेल तर शेतकरी निवडक, पोसलेले कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा जमिनीत लावतात. थंडी लागली की त्यांतून पोकळ दांडे निघतात, त्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बी तयार होतं. या दांड्यांना म्हणतात डेंगळे. ज्याला बी हवं तो त्यांची वाट पाहतो. पण ज्यानं खाण्यासाठी कांदा लावलाय त्याच्या रानात डेंगळे निघाले की कपाळाला आठी पडते. रोप जून, जाड झालेलं असेल आणि त्यावर थंडीचा कडाका बसला, तर पीक गड्डा पोसायचं सोडून फुलाच्या मागे लागतं. असा कांदा मधे दांड्यामुळे कठीण होतो आणि चाळीत टिकत नाही.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढचं गणित त्यावर उभं आहे. कांद्यात थंडी फूल घडवण्याचा हुकूम देते. थंडीपूर्वी त्याच्या पोटात फूल नसतं, नुसता कोंब असतो. ट्यूलिपमध्ये फूल ऊबेतच घडून जातं आणि थंडी फक्त बाहेर पडायची परवानगी देते. लसणाची तऱ्हा तिसरीच. आपण तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतो, कारण त्याला थंडी मिळाली तरच त्याच्या पाकळ्या पडतात. न मिळाली तर एककळी गड्डा राहतो. म्हणजे ‘या झाडाला थंडी लागते’ एवढं वाक्य अर्धवट आहे. कशासाठी लागते, किती अंशांची आणि किती दिवस, हे तिन्ही सांगितलं तर त्याचा उपयोग.

५. पुण्याची थंडी आणि ट्यूलिपची थंडी

आता एक आक्षेप. आपल्याकडेही थंडी पडतेच की! पुण्यात डिसेंबरातल्या रात्री ११-१२ अंशांवर येतात, कधी त्याखालीही. हे खरं आहे, पण दुपारी तिथेच २९-३० अंश असतात. कुंडीतली माती दिवसभर तापते. दिवसरात्रीची सरासरी २० च्या आसपास राहते. ट्यूलिप मोजतो ती थंडी दिवसाही टिकणारी. रात्री स्वेटर घालायला लावणारी आणि दुपारी पंखा लावायला लावणारी हवा त्याच्या हिशेबात फारशी जमाच होत नाही. मुंबईचं तर बोलायलाच नको. तिथे डिसेंबरातली रात्रही साधारण १८ अंशांची. महाबळेश्वरचं नाव कोणी काढेल. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रं दर एक-दोन वर्षांनी वृत्तपत्रांत येतात. पण त्या मोजक्या पहाटा असतात, चौदा आठवडे नव्हेत. याउलट श्रीनगरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस नुसता ‘चिल्लई कलां’ म्हणजे ऐन कडाक्याचा काळ असतो, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडेही गारठा असतोच. दल सरोवराजवळ झबरवान डोंगराच्या पायथ्याशी सुमारे ३० हेक्टरांवर पसरलेली, २००७ मध्ये खुली झालेली ट्यूलिप बाग मार्चच्या अखेरीस फुलते ती या हिवाळ्याच्या जोरावर. कंद तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच लावून झालेले असतात.

मग पुण्यात, दिल्लीत ट्यूलिप फुलतात ते कसे? कारण त्यांचा हिवाळा आधीच उरकलेला असतो. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत दिसणारे ट्यूलिप मुख्यतः नेदरलँड्समधून आणलेल्या, शीतगृहात थंडी देऊन ठेवलेल्या कंदांचे असतात. घरी हेच काम फ्रिज करतो. त्याचं गणित उलटं मांडायचं, लग्नाच्या तारखेवरून मागे मोजत यावं तसं. समजा, पुण्यात जानेवारीच्या अखेरीस फूल हवं आहे. थंडीतून बाहेर काढल्यावर फुलायला साधारण चार-पाच आठवडे लागतात. म्हणजे २५ डिसेंबरच्या सुमारास कंद कुंडीत यायला हवा. त्याआधी १४ आठवडे थंडी, म्हणजे ९८ दिवस. मागे मोजत गेलं की येतो १८ सप्टेंबर. गणपतीच्या दिवसांत फ्रिजमध्ये गेलेला कंद प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे फुलतो. आता डिसेंबरातली खरेदी तपासून पाहू. २० डिसेंबरला आणलेल्या, थंडी न दिलेल्या कंदाला त्या दिवशी फ्रिजमध्ये टाकलं तर ९८ दिवस भरतात २८ मार्चला, आणि फुलायची वेळ येते एप्रिलच्या अखेरीस, पारा ३८ च्या घरात असताना. कळी भाजते. तेव्हा डिसेंबरात ट्यूलिप विकत घेताना किंमत विचारण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: याला थंडी देऊन झाली आहे का? किती आठवडे? विक्रेत्याला उत्तर देता येत नसेल तर खोक्यावरचं चित्र पाहून समाधान मानावं.

फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. आंब्याच्या अढीत एक आंबा पिकला की शेजारचे पिकू लागतात, कारण पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. हाच वायू ट्यूलिपच्या पोटातलं इवलं फूल मारून टाकतो. ज्या कप्प्यात सफरचंद, केळी, चिकू ठेवलेत तिथे कंद ठेवला तर वरून तो टणक, सुरेख राहतो आणि आत पोकळ आशा उरते. भोकं पाडलेली कागदी पिशवी आणि फळं नसलेला कप्पा, एवढं पाळलं तरी पुरे.

६. खोडून न निघणारे आक्षेप

यावर चाणाक्ष वाचक म्हणेल, ठीक आहे, फुलून गेल्यावर तोच कंद जपून ठेवू आणि पुढच्या सप्टेंबरात फ्रिजमध्ये घालू. मग दर वर्षी नवा का घ्यायचा? तर्क बिनचूक वाटतो, पण तो एक पायरी गाळतो. ट्यूलिपचा जुना कंद फूल देताना स्वतः संपून जातो. त्याच्या जागी आत पिल्लं धरलेली असतात, आणि ती पोसायची जबाबदारी फुलानंतर उरलेल्या पानांवर असते. त्यांना त्यासाठी गार हवेतलं ऊन सहा-आठ आठवडे हवं. तियान शानमध्ये, श्रीनगरात ते मिळतं. पुण्यात फेब्रुवारी सरला की पारा ३५ कडे धावू लागतो आणि पानं दोन-तीन आठवड्यांत पिवळी पडतात. पिल्लं उपाशी, बोराएवढी राहतात. बाजारात ट्यूलिपचे कंद घेरावर विकले जातात. १२ सेंटीमीटर घेराचा कंद चांगला समजला जातो, कारण घेर म्हणजे शिल्लक. बोराएवढ्या पिल्लाला फूल परवडत नाही. ते एक पान काढतं आणि गप्प बसतं. दुसऱ्या वर्षीच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे, आणि त्याला घरगुती इलाज नाही. हाडांचा चुरा, शेणखत, कंपोस्ट काहीही घाला. खत पानाला मदत करतं, आणि पान टिकलंच नाही तर मदत पोचणार कोणाला? खुद्द श्रीनगरातही फुलून गेल्यावर कंद उपसून, निवडून, पुन्हा लावावे लागतात आणि बाहेरून नवेही आणावे लागतात.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. एका फुलासाठी परदेशातून आणलेला, महिनोन्‌महिने विजेवर गारठवलेला कंद घ्यायचा आणि नंतर फेकायचा, ही उधळपट्टी नाही का? आहे. पण मोगऱ्याचा गजरा एका संध्याकाळचा असतो आणि त्याला आपण उधळपट्टी म्हणत नाही, कारण तो एका संध्याकाळचा आहे हे आपण मान्य करून घेतो. गफलत होते ती ट्यूलिपला झाड समजून आणण्यात. तो मुळांसकट विकत घेतलेला पुष्पगुच्छ आहे. तसा समजून घेतला तर कोणाची फसवणूक होत नाही, आणि ज्यांना दर वर्षी फुलणारी बाग हवी आहे त्यांनी त्यावर कुंडीही अडवू नये, खतही घालवू नये.

तिसरा आक्षेप नर्गिसचा, आणि तो मात्र निरुत्तर करणारा असल्यासारखा वाटतो. नर्गिस डॅफोडिलच्याच कुळातली, तरी कागदासारख्या पांढऱ्या, गुच्छानं फुलणाऱ्या नर्गिसला थंडीची अट नसते. बशीत खडे घालून, कंदाचा तळ जेमतेम भिजेल एवढं पाणी ठेवलं तरी ती चार-सहा आठवड्यांत फुलते. मग आपला सिद्धांत कोसळला का? उलट तो इथे पक्का होतो. ही नर्गिस भूमध्य समुद्राकाठची. तिथला हिवाळा सौम्य आणि पावसाचा. उन्हाळा कोरडा, करपवणारा. तिच्यासाठी वाईट दिवस उन्हाळ्याचे. ती थंडी मोजत बसली असती तर पावसाळी हिवाळा वाया गेला असता. कुळ एक, पण माहेर वेगळं. म्हणून घड्याळही वेगळं. वर्षअखेरीला घरात फुलवायला एखादा परदेशी कंद हवाच असेल, तर आपल्या हवेत नर्गिसइतका निर्धोक दुसरा नाही.

७. आपला उन्हाळा हाच त्यांचा हिवाळा

माहेर पाहून घड्याळ ओळखायचं हे एकदा पटलं की नजर आपोआप सह्याद्रीकडे वळते. कोकणातले सडे, घाटमाथ्यावरची पठारं यांवर मातीचा थर काही बोटांचा. आषाढात तिथे पाणी उभं, वैशाखात कातळ तापलेला. दिवाळीपासून मृगापर्यंत बहुधा थेंब नाही. अशा जागी मातीखाली साठा करून दडणं हाच शहाणपणा, आणि म्हणूनच पहिल्या पावसांनंतर या भागात कंदांची गर्दी उसळते. रानहळदीचे गुलाबी तुरे, कळलावीच्या ज्वाळांसारख्या पाकळ्या, अळवाच्या भाईबंदांची चित्रविचित्र फुलं. रानकांदा तर पावसाचीही वाट पाहत नाही. ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, तो सरळ लांब दांड्यावर फुलं काढतो. गेल्या पावसाळ्यात पानांनी कमावलेल्या शिलकीवर. बागांतून मे महिन्यात उगवणारा तांबडा चेंडू, ज्याला आपण मे फ्लॉवर किंवा बॉल लिली म्हणतो, तो मूळचा आफ्रिकेतला. पण त्याचंही घड्याळ याच जातीचं, म्हणून तो आपल्या अंगणात इतका बिनतक्रार नांदतो. या सगळ्यांच्या लेखी ‘हिवाळा’ म्हणजे आपला कोरडा काळ. ट्यूलिपला जसं गारठ्याचं मोजमाप, तसं यांना कोरडेपणाचं.

लाल लिलीचा मान यात मोठा आहे. नाताळच्या सुमारास युरोपातल्या खिडक्यांत ‘अ‍ॅमरिलिस’ या नावानं जी फुलते तीच ही, दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडे ती बहुतेक फेब्रुवारी ते मे या दिवसांत फुलते. युरोपात तिला हिवाळी फूल म्हणतात, पण तिला थंडी लागत नाही. लागते कोरडी विश्रांती. तिकडे शरद ऋतूत तिचं पाणी तोडून, मग उबदार खोलीत पाणी सुरू केलं की नाताळ साधतो. तिच्या कंदात साधारण दर चार पानांमागे एक फुलांचा दांडा धरला जातो आणि बाहेर पडण्याआधी तो किती तरी महिने आत वाढत असतो. म्हणजे पावसाळ्यात लिलीची पानं ‘उगाच पसरलीत’ म्हणून छाटणारा माणूस पुढच्या वर्षांचे दांडे छाटत असतो. खताची वेळही हीच, पानं हिरवी असतानाची. फुलाच्या आधी घातलेलं खत त्या फुलाच्या कामी येत नाही.

इथेही उलटं गणित चालतं, आणि फ्रिजविना चालतं. समजा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, पाडव्याच्या सुमारास कुंडीत लिली हवी. पाणी सुरू केल्यापासून फुलापर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे. तेव्हा जानेवारीच्या अखेरीस पाणी सुरू करायचं. त्याआधी आठ-दहा आठवडे विश्रांती, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर पाणी तोडायचं. डिसेंबरात या कुंडीकडे पाहून जीव कासावीस होतो. पानं लोळतात, पिवळी पडतात, माती भेगाळते. तरी हात आवरायचा. जानेवारीच्या शेवटी वरची माती बदलायची, कंदाची मान मातीबाहेर राहील असं पाहायचं, एकदा पोटभर पाणी द्यायचं आणि टोक हिरवं दिसेपर्यंत पुन्हा थांबायचं. जमिनीत लावलेली लिली हे कोणी न शिकवता करते, कारण पावसाळ्यानंतर जमीन स्वतःच कोरडी पडते. दयेपोटी बारा महिने पाणी मिळालेली कुंडीतली लिली मात्र नुसती पानं काढत राहते.

८. डिसेंबरच्या कुंड्या

उरलेल्यांचं थोडक्यात. निशिगंध मूळचा मेक्सिकोतला, ऊबेचा भोक्ता. पावसाळ्यापासून थंडीच्या तोंडापर्यंत त्याचे दांडे चालतात आणि डिसेंबरात मंदावतात. याला रोग समजून औषध फवारायची गरज नाही. पाणी कमी करावं. शेतकरी त्याचा दोन-तीन वर्षं खोडवा ठेवतात, तसा कुंडीतही ठेवता येतो. गर्दी झाली असेल तर पानं वाळल्यावर कंद काढून सावलीत सुकू द्यावेत आणि एप्रिल-मे मध्ये लावावेत. ग्लॅडिओलस सप्टेंबर-ऑक्टोबरात लावला असेल तर वर्षअखेरीस त्याचे दांडे निघतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘फुले गणेश’सारखी त्याची वाणं दिली आहेत; परदेशी आणि इथला गड्डा सारख्याच किमतीला मिळाले तर आपल्या हवेत वाढलेला गड्डा घ्यावा. मात्र त्यालाही विश्रांती लागते. काढल्याबरोबर पुन्हा लावलेला गड्डा उगवायला हट्ट करतो. तो तीन-चार महिने कोरडा ठेवावा. डेलिया याच दिवसांत ऐन भरात असते आणि तिची मुळं उन्हाळ्यात कोरड्या वाळूत जपता येतात. फ्रीशिया आणि रॅनन्क्युलस पुणे-नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे रात्री गार असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावून फेब्रुवारी-मार्चात फुलवता येतात. मुंबईत आणि कोकणपट्टीत त्यांच्या नादी लागू नये, असं माझं मत आहे.

जे मराठी लोक लंडनला किंवा न्यू जर्सीला राहतात त्यांची गोष्ट सोपी. त्यांनी ऑक्टोबरात डॅफोडिल मातीत पुरावेत आणि विसरून जावं; हिवाळा आपणहून भेटीला येतो. फुलून गेल्यावर पानं पिवळी होईपर्यंत कापायची नाहीत, एवढंच पथ्य. त्यांच्या अंगणातला फोटो पाहून इकडे तेच कंद मागवणाऱ्यांनी मात्र त्या फोटोत न दिसणारे गारठ्याचे तीन महिनेही हिशेबात धरावेत.

शेवटी एक खबरदारी. लाल लिली आणि नर्गिस यांचे कंद दिसायला हुबेहूब कांद्यासारखे असतात, पण त्यांत लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. विश्रांतीसाठी काढलेले कंद कांद्याच्या टोपलीजवळ किंवा भाजीच्या कप्प्यात उघडे ठेवू नका. पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव आणि काढल्याची तारीख लिहून, मुलांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या फळीवर ठेवा.